ट्रॅव्हल्सचा पडदा

मागच्या वर्षी आई बाथरूममध्ये पडली. पडली म्हणजे तशी नुसती घसरून बसली, आवाजसुद्धा झाला नाही फारसा, पण वय ७८ आणि हाडं ठिसूळ, त्यामुळे खुब्याचं हाड मोडलंच. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, स्क्रू बसले आणि डॉक्टर म्हणाले सहा आठवडे त्या पायावर अजिबात वजन टाकायचं नाही. मग तिला पुण्याला आमच्याकडे आणलं, डोक्याकडून वर होणारा तो हॉस्पिटलसारखा पलंग भाड्यानं आणला, ब्युरोतून एक मावशी लावल्या, औषधांचा डबा, कमोडची खुर्ची, वॉकर (तो सहा आठवडे नुसताच कोपऱ्यात उभा राहणार होता तरी) असं सगळं जमवलं आणि पहिल्या रात्री लक्षात आलं की ह्या पलंगावर घालायला घरात एक धड चादर नाहीये.

म्हणजे चादरी होत्या. कपाटाचा वरचा अख्खा कप्पा चादरींचाच आहे आमच्याकडे. चेनवाल्या प्लास्टिकच्या पिशवीतल्या, वर पुठ्ठा घातलेल्या, कुणाच्या वास्तुशांतीत आलेल्या, कुणाच्या लग्नाच्या आहेरात आलेल्या, त्यातल्या निम्म्या तशाच पुढे दुसऱ्याच्या वास्तुशांतीत जाणाऱ्या. आपल्याकडे चादर ही वापरायची वस्तू कमी आणि फिरवायची वस्तू जास्त आहे असं माझं मत आहे. सगळ्या डबल बेडच्या, सगळ्यांवर मोठाली फुलं. आणि मी स्वतः आजवर ज्या विकत घेतल्या त्या पडद्याला मॅच होतात का एवढं बघूनच घेतल्या, त्यावर झोपायचं असतं हा मुद्दा डोक्यात आलाच नाही कधी. सात तास झोपायचं, तेही दिवसभर दमून, मग खाली काय आहे ते कोण बघतंय.

आई दिवसाचे बावीस तास त्या चादरीवर असणार होती.

मी काय केलं, तर त्याच रात्री मोबाईलवरून ऑर्डर केली. एक हजार थ्रेड काऊंट, इजिप्शियन, हॉटेल क्वालिटी, दोन अभ्र्यांसकट, आणि किंमत अशी की मी दोन सेट मागवले. दोन दिवसांत आल्या. दिसायला काय सुंदर हो, चकचकीत, हात फिरवला की गार लागणाऱ्या, एक सुरकुती नाही. मी मोठ्या हौसेनं घातली. आईनं बोटांच्या चिमटीत काठ धरला, अंगठा दोनदा घासला आणि म्हणाली, "हे काय गं, ट्रॅव्हल्सच्या गाडीचा पडदा काढून आणलीस काय?"

मला राग आला. सहाजिक आहे, रात्री अडीचला उठून पॅन बदलणाऱ्या माणसाला राग येतोच. पण आईचं बोट चुकत नाही हे मला माहीत असायला हवं होतं, कारण आई इचलकरंजीची आहे आणि तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, आण्णा, यंत्रमागावर जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि त्यानंतर त्या गावात पिढ्यान् पिढ्या लोकांना त्या खडखडाटाशिवाय झोप लागेनाशी झाली. आई सांगते, वीज गेली की गल्लीतली तान्ही पोरं रडत उठायची, एकदम शांत झालं म्हणून.

तर ट्रॅव्हल्सचा पडदा. पहिल्या दिवशी वाटलं आई उगाच नाटकं करतेय. पण दुसऱ्या दिवशी मावशींनीच दाखवलं. जेवताना पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली की आई हळूहळू पायाकडे घसरत होती. अर्ध्या तासात वीतभर खाली. मग आम्ही दोघी तिला काखेत धरून वर ओढायचो, ती कळवळायची, परत वीतभर खाली. मावशी शाळा किती शिकल्यात मला माहीत नाही पण पंधरा वर्षं हे काम करतायत, त्या म्हणाल्या, ताई, माणूस असं घसरतं तेव्हा हाड खाली जातं आणि कातडी चादरीला धरून मागंच राहते, आतल्या आत ताण बसतो, नुसत्या एका जागी पडून राहिल्यानं होतं त्याच्याहून ह्यानं लवकर जखम होते. आणि मग आम्ही जेव्हा तिला खसकन वर ओढायचो तेव्हा उलट्या बाजूनं तेच. तिसऱ्या दिवशी माकडहाडाजवळ रुपयाएवढा लालसर चट्टा दिसला. मावशींनी त्यावर बोट दाबलं आणि सोडलं. दाबल्यावर पांढरं पडून परत लाल झालं तर ठीक, पांढरं पडलंच नाही तर ती बेडसोअरची सुरुवात. आमचं पांढरं पडलं, पण अगदी नाइलाज असल्यासारखं हळू.

शिवाय घाम. फेब्रुवारीतच आईची पाठ ओलसर. पाणी शोषतच नाही ते कापड, घाम अंगावरच राहतो आणि ओली कातडी लवकर सोलवटते. त्या रात्री मी अभ्र्याच्या आतल्या बाजूला, शिवणीपाशी, कापडाचेच चार दोरे काढून घेतले आणि गॅसवर चिमट्यात धरले. (हे करताना सिंकपाशी उभं राहा आणि नायलॉनचा गाऊन घालू नका.) सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचाच, मागे राहते ती मऊ करडी राख, बोटात धरली की भुकटी. आमचा धागा आधी आकसला, मग वितळला, आणि टोकाला काळा टणक मणी झाला. शंभर टक्के पॉलिस्टर. पाकिटावर परत जाऊन बघितलं तर बारीक अक्षरात "ग्लेस कॉटन" लिहिलं होतं. आता हे ग्लेस कॉटन म्हणजे काय, तर बाजारात पॉलिस्टरलाच हे नाव पडलंय, कॉटनचा त्यात काडीइतका संबंध नाही. मायक्रोफायबर म्हणतात तेही पॉलिस्टरच, फक्त तंतू अतिशय बारीक, एक डेनियरपेक्षाही कमी (डेनियर हे तंतूच्या जाडीचं माप), म्हणून हाताला रेशमासारखं लागतं. प्रवासाला, पोरांच्या खोलीला, पटकन वाळायला ते चांगलं आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. ते कॉटन म्हणून माझ्या आईखाली घातलं गेलं ह्याच्याशी भांडण आहे.

आणि मग तो हजार आकडा. मी आईला म्हटलं, अगं पण हजार थ्रेड काऊंट आहे. ती म्हणाली, हजार काय? म्हटलं एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून हजार धागे. ती इतकी हसली की टाके दुखले. मग म्हणाली, माझ्या ट्रंकेत बघ, निळ्या डबीत आण्णांचं भिंग आहे.

होतं. पितळेचं, तीन घड्यांचं, काडेपेटीपेक्षा लहान. उघडलं की खाली एक इंचाची चौकट आणि वर भिंग. कापडावर ठेवायचं आणि टाचणीच्या टोकानं धागे मोजत जायचं, आधी ताणा म्हणजे उभे, मग बाणा म्हणजे आडवे. आडव्याला तिकडे पीक म्हणतात, एका इंचात किती पीक त्यावर कापडाची जात ठरते आणि त्यावरच मजुरीही, इचलकरंजीत अजूनही मजुरीचा करार होतो तो ५२ पिकांच्या कापडाला मीटरमागे इतके पैसे अशाच हिशोबात होतो. आण्णा कुठेही लग्नाला गेले की खिशातून हे काढून आहेरातल्या धोतरावर ठेवायचे म्हणे, आजी शरमेनं अर्धमेली व्हायची.

मी हजारवाल्यावर भिंग ठेवलं, काही दिसेना, नुसती चकाकी. मग घरातली एक जुनी पांढरी चादर होती, पातळ झालेली, तिच्यावर ठेवलं. उभे ९२, आडवे ८८. बेरीज १८०. आणि ती चादर आमच्या घरातली सगळ्यात मऊ चादर आहे.

नंतर ह्या विषयावर जे वाचलं आणि विचारलं त्यातून कळलं ते असं की साध्या एकेरी धाग्याचे एका इंचात बसून बसून किती बसणार, फार बारीक सूत काढलं आणि साटीन वीण घेतली (साटीन म्हणजे धागा चार धाग्यांवरून उडी मारून एकाखालून जातो, म्हणून जास्त दाटी करता येते आणि चकाकी येते) तरी चारशे-पाचशेच्या पुढे खरी गाडी जात नाही. त्यापुढचे आकडे बहुतेक वेळा मोजण्यातल्या चलाखीचे. म्हणजे दोन-तीन बारीक सुतं पिळून एक धागा करायचा आणि मोजताना त्याला दोन किंवा तीन म्हणायचं. अमेरिकेत २००५ साली तिथल्या व्यापार आयोगानं पण सांगितलं होतं की असं मोजल्यानं गिऱ्हाइकाची दिशाभूल होऊ शकते. झालं काही? आकडे वाढतच गेले. बरं, दाट असणं म्हणजे चांगलं असणं हेही खरं नाही, फार दाट कापडातून वारा जात नाही, पुण्याच्या एप्रिलमध्ये दाट साटीनवर झोपणं म्हणजे मेणकापडावर झोपल्यासारखं.

पुढच्या रविवारी मी लक्ष्मी रोडला गेले. चार दुकानं फिरले. सगळीकडे एकच वाक्य, "मॅडम प्युअर कॉटन, हात लावून बघा." हात लावून काय कळणार हो, दुकानातली चादर ही नवरदेवासारखी असते, खळ घालून ताठ केलेली. कापडाचा एक भाग दोन्ही मुठीत धरून धुतल्यासारखा चोळा, पांढरी भुकटी उडाली किंवा चोळलेला भाग एकदम विरळ दिसायला लागला तर तुम्ही कापडाचे कमी आणि खळीचे जास्त पैसे देताय. हे मी चौथ्या दुकानात केलं तेव्हा मालक म्हणाले, ताई घ्यायचंय का नुसतंच बघायचंय. मग मी घाबरून ओला रुमाल काढलाच नाही. ओल्या पांढऱ्या रुमालानं छापावर घासायचं, हे आईचं दुसरं शास्त्र. पिगमेंटचा छाप असेल तर रंग धाग्याच्या वर चिकटवलेला असतो, एक पातळ थर, त्यामुळे छापाची जागा हाताला कडक लागते आणि रंग रुमालावर येतो. रिअॅक्टिव्ह रंगाचा छाप असेल तर रंग सुताशीच जोडला जातो, हाताला फूल कुठे आणि मोकळं कापड कुठे हे डोळे मिटून कळत नाही. उलटी बाजू बघायची, तिथेही फूल नीट दिसतंय का. हे सगळं मला चादर उलगडून बघायला दिली तर ना, पॅक फोडलं की घ्यावं लागेल अशी पाटीच असते.

मधल्या काळात सोलापूरला खबर गेली होती. माझं सासर सोलापूरचं, आणि सोलापूरच्या माणसासमोर चादर हा शब्द उच्चारणं म्हणजे नागपूरच्या माणसासमोर संत्रं म्हणणं. सासूबाईंनी आल्यागेल्याबरोबर दोन चादरी पाठवल्या, एक मरून-पिवळी, एक हिरवी, मोरवाल्या. सोबत फोन: "व्याहीणबाईंना म्हणावं ओरिजनल आहे, पूर्व भागातनं स्वतः जाऊन आणलंय, पानिपतचं डुप्लिकेट नव्हे." पूर्व भाग म्हणजे सोलापुरातला विणकरांचा भाग, तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं तिथे पिढ्यान् पिढ्या राहतात, गल्लीत तेलुगू, दुकानात मराठी, आणि हिशोब कुठल्या भाषेत चालतो ते त्यांनाच माहीत. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाचा अधिकृत शिक्का, मिळालंय, आणि ती आहेच तशी, जॅकार्डची वीण, म्हणजे नक्षी मागावरच विणलेली, दोन्ही बाजूंनी वापरता येते, एका बाजूला मरूनवर पिवळा मोर तर उलट बाजूला पिवळ्यावर मरून मोर. आमच्या लग्नातली अजून आहे, पंचवीस वर्षं झाली. पण ती अंथरायची चादर नाही! मराठीची ही एक गंमत आहे की अंथरायलाही चादर आणि पांघरायलाही चादरच, पूर्वी पलंगपोस होता, पासोडी होती, दुलई होती, आता सगळ्यांना मिळून एक शब्द. सोलापुरी अंगावर घ्यायची. तिच्यावर उघड्या पाठीनं तासभर पडा, मोर पाठीवर उमटतो. आईनं पायावर घेतली आणि म्हणाली, "सोलापूरकर करतात चांगलं, पण जड करतात." इचलकरंजीकडून सोलापूरला इतकी दाद म्हणजे खूप झाली, मी सासूबाईंना फक्त पहिला अर्धा भाग सांगितला.

शेवटी आईनंच माझ्या मामेभावाला फोन लावला. तो अजून इचलकरंजीत माग चालवतो, आण्णांच्या वेळचे धोट्याचे माग भंगारात गेले, आता बिनधोट्याचे आलेत. मी एका शनिवारी पहाटे निघाले, दुपारी पोचले. त्याच्या ऑफिसात, म्हणजे टेबल, दिवाणजी, लक्ष्मीचा फोटो आणि चारी बाजूंना थान, तिथे बसल्यावर मी थ्रेड काऊंट म्हटलं तर तो म्हणाला, "आक्का, ते तिकडं एक्स्पोर्टवाल्यांना विचार, इथं सुताचा काऊंट विचार आन् फणी-पीक विचार." फणी म्हणजे उभ्या धाग्यांची दाटी, आणि सुताचा काऊंट म्हणजे सूत किती बारीक. ८४० यार्डांची एक लड, एक पौंड वजनात अशा जितक्या लडी बसतील तो काऊंट. चाळीस लडी बसल्या तर चाळीसचं सूत, साठ बसल्या तर साठचं, म्हणजे आकडा मोठा तितकं सूत बारीक. त्याचं म्हणणं असं की आजारी माणसाखाली, रोज बदलायची, रोज धुवायची, उन्हात टाकायची असेल तर चाळीसचं साधं विणीचं कापड घ्यावं, साठचं जास्त मऊ पण महिन्याभरात रोजच्या धुण्यानं जीव सोडेल. साधी वीण म्हणजे एक वर एक खाली, काही कलाकुसर नाही. आणि सूत कोम्ब्ड असावं, म्हणजे विंचरून आखूड तंतू काढून टाकलेलं.

हा आखूड-लांब तंतूंचा मुद्दा मला तिथे पहिल्यांदा नीट कळला. धागा म्हणजे शेवटी कापसाचे तंतू एकमेकांना पिळून धरून ठेवलेले. तंतू आखूड असतील तर तितक्याच लांबीत टोकं जास्त, ती टोकं धाग्याबाहेर डोकावतात, तीच अंगाला टोचतात, तीच घासून घासून कापडाचे गोळे होतात. नुसता कापूस असेल तर ते गोळे धुण्यात गळून तरी जातात. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर पॉलिस्टरचा तंतू चिवट, तो गोळ्याला धरून ठेवतो, म्हणून "कॉटन रिच" म्हणून विकलेल्या चादरींना सहा महिन्यांत सगळीकडे साबुदाण्यासारखे दाणे येतात आणि जात नाहीत. इजिप्तच्या कापसाचं एवढं नाव आहे ते ह्याच लांब तंतूमुळे. पण इजिप्शियन लिहिलेलं इजिप्तचंच असतं असं नाही, २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीनं आपल्याच देशातल्या एका बड्या कंपनीशी ह्याच कारणावरून व्यवहार तोडला होता, लाखांनी चादरी परत घ्यायची वेळ आली. आणि मला सारखं वाटत राहिलं की बाबा, लांब तंतूचा कापूस आपल्याकडेही आहे की, कोइमतूरच्या संशोधन केंद्रात १९७४ साली सुविन नावाचं वाण निघालं, जगातल्या उत्तम कापसात त्याची गणना होते, पण चादरीच्या पाकिटावर "सुविन" वाचून कुणी दोन पैसे जास्त देत नाही. यवतमाळ-अकोल्याच्या कापसाचं तर नाव कुठल्याच पाकिटावर नसतं. ते नाव पेपरात येतं, वेगळ्या कारणानं.

असो. मामेभावानं ब्लीच होऊन आलेलं एक थान काढलं, त्रेसष्ट इंची पन्हा. मी पर्समधून भिंग काढलं. तो आधी हसला आणि मग त्याच्या लक्षात आलं ते कुणाचं आहे ते, मग हातात घेऊन बराच वेळ उघडझाप करत बसला. उभे ११०, आडवे ९०. "दोनशे," मी म्हटलं. "दोनशे," तो म्हणाला, आणि दिवाणजींनी ते उगाचच वहीत लिहिलं.

पन्ह्याचं महत्त्व आईला विचारा. तिच्या लहानपणी माग अरुंद, म्हणून चादर दोन पन्हे जोडून व्हायची, मधोमध शिवण. सगळी भावंडं त्या शिवणीवरून भांडायची, ही हद्द माझी ती तुझी. पण एकट्या आजारी माणसाखाली ती शिवण बरोब्बर पाठीच्या कण्याखाली येते. त्रेसष्ट इंचाच्या पन्ह्यात सिंगल बेडची चादर अखंड निघते. त्यानं पावणेतीन-पावणेतीन मीटरचे सहा तुकडे फाडून दिले. कापले नाहीत, फाडले, टर्रकन. कात्रीनं कापलं की तिरकं जाऊ शकतं, फाडलेलं धाग्याच्या रेषेतच जातं. पैसे घेईना, मग वहिनीच्या हातात कोंबून आले.

घरी आल्यावर एक शहाणपण केलं ते म्हणजे शिवायच्या आधी धुतले. रात्रभर पाण्यात, मग गरम पाण्यात, मग कडक उन्हात. १०८ इंचांचे तुकडे १०२ वर आले. माग कापडाला ताणून धरतो ना, पाणी लागलं की ते अंग सैल सोडतं, म्हणूनच तर कारखान्यात सॅन्फोराइज करतात, आधीच आटवून घेतात. शेजारच्या टेलरकाकांनी चारही बाजूंनी पट्टी मारून दिली, डोक्याकडची रुंद, पायाकडची बारीक, म्हणजे उलटसुलट होत नाही. पांढऱ्या का, असं आईनं लगेच विचारलं. "मेल्यावर घालायच्यात की काय?" मावशींना पांढऱ्याच हव्या होत्या कारण पांढऱ्यावर सगळं दिसतं, रक्ताचा ठिपका, जखमेतलं पाणी, बिस्किटाचा कण सुद्धा, आणि बिस्किटाचा कण ह्या बाबतीत किती महाग पडू शकतो हे मी तोवर शिकले होते. मग तडजोड म्हणून अभ्रे फुलाफुलांचे ठेवले.

चादर घालण्याचंही एक तंत्र असतं हे मला पन्नाशीत कळलं. साध्या गादीवर ताणून, कोपरे पाकिटासारखे दुमडून, हात फिरवून एकही सुरकुती नाही असं. पण नंतर आम्ही हवेची गादी आणली, ती पंपावर चालणारी, तिचे फुगे आळीपाळीनं भरतात आणि रिकामे होतात, तेव्हा मी तितक्याच हौसेनं तिच्यावरही चादर ताणून बसवली. मावशींनी सगळी उचकटली. म्हणाल्या, ताणलीत तर खालचे फुगे हलूनही उपयोग नाही, वरची चादरच त्यांना दाबून धरते, इथं एकच पातळ चादर आणि जराशी ढिली. इलॅस्टिकवाली तर नाहीच. आणि खरं सांगायचं तर आईला जखम झाली नाही त्याचं श्रेय चादरीला थोडं आणि मावशींना फार, दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, गुडघ्यांमध्ये उशी ठेवून, घड्याळाचा गजर लावून. चादरीनं एवढंच केलं की ती मध्ये आली नाही. घसरणं थांबलं. पाठ कोरडी राहायला लागली. चट्टा आठवड्याभरात फिका पडला.

पहिल्या दिवशी मात्र मी वाट बघत होते की आई काय म्हणते. तिनं चिमटीत काठ धरला, अंगठा घासला. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अजून नवी आहे." हा दोष होता की कौतुक मला आजतागायत कळलेलं नाही.

सात आठवड्यांनी ती वॉकर धरून उभी राहिली. "मी उठतो गं, तू धरू नको," असं म्हणाली. तिकडच्या बायका मी येतो, मी जातो असंच बोलतात, पुण्यात माझ्या मैत्रिणींना ह्याचं फार नवल वाटतं. पलंग परत गेला, मावशी दुसऱ्या घरी गेल्या, जाताना त्यांनी एक चादर मागून नेली.

मग मला वेडच लागलं थोडं. आमच्या डबल बेडचा हिशोब मांडला. बाजारात डबल बेडची चादर म्हणजे नव्वद बाय शंभर, हे आपण पाढ्यासारखं म्हणतो. हे माप कापसाच्या चार इंची गादीला ठीक होतं. आमची गादी आता आठ इंच जाड, पलंग ७२ इंच रुंद. नव्वदमधून बहात्तर गेले, राहिले अठरा, एका बाजूला नऊ, त्यातले आठ गादीच्या उंचीत गेले, खोचायला उरला एक इंच. तोही पहिल्या धुण्यात आटणार. वीस वर्षं रोज सकाळी नवऱ्याच्या बाजूची चादर गोळा होऊन पडलेली असायची आणि मी वीस वर्षं त्याच्या झोपण्याच्या पद्धतीवर टीका करत होते. आता १०८ बाय १०८ घेते. नवऱ्याची माफी मागितलेली नाही.

त्या सहा तुकड्यांतल्या पाच चादरी आईकडेच आहेत, तिच्या साध्या पलंगावर, आलटून पालटून. ह्या दिवाळीत गेले होते तेव्हा एक दोरीवर वाळत होती, उजेडासमोर, आणि मधल्या भागातून पलीकडचं जास्वंदीचं झाड दिसत होतं. रोजचं धुणं, ब्लीच, ऊन, त्या दीड महिन्यात तिनं दोन वर्षांचं आयुष्य काढलं असणार. मी म्हटलं ही आता काढून टाकूया, गोधडीत अस्तराला घाल, मी नवी आणते. आईनं जाऊन कापड चिमटीत धरलं. "आत्ता कुठं जरा झोपण्यासारखी झालीय," म्हणाली, आणि ओलीच उचलून आत घेऊन गेली.

आणि त्या हजारवाल्या दोन्ही पार्किंगमध्ये आहेत, एक माझ्या स्कूटरवर, एक नवऱ्याच्या. एक अख्खा पावसाळा काढला त्यांनी, मग ऑक्टोबरचं ऊन. कावळ्यांनी जे करायचं ते केलं. रंग जसाच्या तसा आहे, एक दोरा निघालेला नाही, आणि रोज सकाळी ओढली की सरकन एका झटक्यात खाली येते.